निळी टेप

मुलीच्या गाडीचं बॉनेट मी उघडलं ते फक्त वायपरचं पाणी भरायला. ती घरी आली की मी एवढं करतोच. पाणी, चाकांतली हवा, बॅटरीची टोकं. मी ते करतो हे तिला माहीत असतं, तिला ते माहीत आहे हे मला माहीत असतं, आणि त्यावर आम्ही कधी बोलत नाही. त्या गुरुवारी ती पाच महिन्यांच्या बाळाला आजीच्या हवाली करून आत पंख्याखाली बसली होती आणि मी बाहेर पाण्याची बाटली घेऊन उभा होतो. तेव्हा रिलेच्या डबीखाली मला निळी टेप दिसली.

मी काळी टेप वापरतो. बसडेपोच्या इलेक्ट्रिक विभागात एकतीस वर्षं काळीच वापरली आणि निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्येही काळीच. आमच्या नात्यात निळी टेप वापरणारा माणूस एकच. माझा साडू.

टेप सुबक गुंडाळलेली होती. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर बरोबर निम्मा चढवलेला, आणि शेवटचं टोक दातांनी न तोडता कात्रीनं कापलेलं. माझं टोक नेहमी थोडं ओढलं जातं आणि महिन्याभरात सुटून लोंबायला लागतं. मी बाटली खाली ठेवली. आपल्या वहीत मधेच दुसऱ्या कुणाचं तरी अक्षर सापडावं, आणि तेही आपल्यापेक्षा चांगलं असावं, तसं काहीसं मला झालं.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गाड्यांच्या एसीचं त्याचं गॅरेज आहे. तीन गाड्या एका वेळी आत उभ्या राहतात, आणि कोपऱ्यात काचेची केबिन आहे. मुलगी चार वर्षांची असताना त्यानं तिला उचलून एका गाडीच्या जाळीसमोर धरलं होतं. तिचे केस उडाले, ती खिदळली आणि तिनं त्याचं नाव 'गारकाका' ठेवलं. तेव्हापासून सगळं घर त्याला गारकाकाच म्हणतं. मला तिनं असं काही नाव ठेवलं नाही. मी आपला बाबा. त्याला ती अरे-तुरे करते, मला अहो-जाहो. ह्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो आहे.

मी स्वयंपाकघरात गेलो. बायको बाळाची बाटली धूत होती.

"तिची गाडी गारकाकाकडे गेली होती का?"

ती वळली नाही. "कोण म्हणतं?"

"टेप म्हणते."

"मग पुढचंही टेपलाच विचारा."

मी तिथंच उभा राहिलो. मी नुसता उभा राहिलो की तिला ते सहन होत नाही, हे चाळीस वर्षांत मला कळलेलं एकमेव गुपित आहे.

"तीनदा गेली होती," ती शेवटी म्हणाली. मी 'एकदा' ऐकायची तयारी करून आलो होतो. "तुम्हाला सांगू नकोस म्हणाली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. आणि खरं सांगू का? तुम्ही एका कामाला चार दिवस लावता. दोन वाचण्यात, एक 'माझंच तर काही चुकत नाही ना' असं म्हणण्यात."

"आणि चौथा?"

"चौथ्या दिवशी करता दुरुस्त, नाही कशाला म्हणू. पण तोवर माणसानं पायी हिंडायचं का, लेकरू कडेवर घेऊन?"

मी तिथून निघालो.

बाहेरच्या खोलीत मुलगी बाळाच्या मानेला पावडर लावत होती. मानेच्या वळ्यांत लाल पुरळ उठलं होतं. मी काही विचारायच्या आधीच तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं.

"बॉनेट उघडलंत ना?"

"पाणी भरायला."

"बाबा, मी सांगणारच होते."

"एसीला काय झालंय?"

तिनं सांगितलं ते असं. उन्हाळा लागला आणि ती एसी वापरू लागली, तसं हे सुरू झालं. गाडी सुरू केली की पहिली वीसेक मिनिटं छान गार. मग एकाएकी कोमट वारा. गाडी अर्धा तास बंद ठेवली की पुन्हा छान. गारकाकानं आधी गॅस काढून नवा भरला. मग ओल शोषून घेणारा ड्रायर बदलला. मंगळवारी कॉम्प्रेसरचा रिले बदलला आणि त्याखालच्या वायरी नीट बांधून दिल्या.

"मग आता बरा आहे?"

"काकाकडे तर चालला. घरापासून इथंवर पंधराच मिनिटं लागतात, त्यामुळे कळलं नाही." तिनं पावडरचा डबा बंद केला. "रविवारी मला ह्यांच्याकडे जायचंय, नोकरीच्या गावी. पाच तासांचा रस्ता आहे, बाळ बरोबर. काका म्हणालाय की तोवर खात्री पटली नाही तर त्याची गाडी न्यायची."

त्याची गाडी लांबलचक, चंदेरी रंगाची. मागच्या सीटलासुद्धा वेगळी गार हवा. माझी मुलगी माझ्या नातवाला घेऊन त्या गाडीत बसून हात हलवत चालली आहे आणि मी फाटकाशी उभा आहे, हे चित्र मला इतकं स्वच्छ दिसलं की मी एकदम म्हणालो, "गाडी उद्या संध्याकाळपर्यंत माझ्याकडे ठेव."

असं काही मी सहसा बोलत नाही. तीही चमकली.

"एकाच दिवसात होईल?"

"होईल," मी म्हणालो, आणि त्याच क्षणी मला दरदरून घाम फुटला.

"बरं. पण काकानं बसवलेलं काही काढू नका हं. त्याला वाईट वाटेल."

त्याला वाईट वाटेल म्हणून काढायचं नाही आणि मला वाईट वाटेल म्हणून सांगायचं नाही. माझ्या मुलीच्या डोक्यात आम्हा दोघांचा एकच कप्पा होता. मला तेवढंही पुरेना. मला पहिला नंबर हवा होता. उद्या गाडीत पुन्हा काही बिघडलं तर तिनं आधी माझ्या दारात यावं, एवढीच माझी मागणी होती. पण ती बोलून दाखवण्याचं वय ना तिचं राहिलं होतं ना माझं.

शुक्रवारी सकाळी मी शेडमध्ये तिच्या गाडीच्या वायरिंगचं पुस्तक उघडून बसलो. कॉम्प्रेसरची वाट मी पेन्सिलीनं पुन्हा एकदा काढली. डॅशबोर्डवरचं बटण, तिथून रिले, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर वीज जोडणारी-तोडणारी डबी, रिलेतून गॅसच्या दाबावर चालणारा स्विच, तिथून कॉम्प्रेसरच्या तोंडाशी असलेली क्लचची कॉइल, आणि कॉइलमधून बाहेर पडून गाडीच्या पत्र्यावर, म्हणजे अर्थवर. इंजिनाच्या पट्ट्यावर पुली सतत फिरतच असते. कॉइलला वीज मिळाली की तिचं लोहचुंबक होतं, ते पुढची चकती ओढून पुलीला चिकटवतं आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. चकती सुटली की गारवा संपला. सगळा खेळ त्या एका 'टक्' आवाजाचा आहे.

मग गाडी उन्हात लावली, काचा वर केल्या, एसीच्या जाळीत थर्मामीटर खोचला आणि घड्याळ मांडीवर घेऊन बसलो. पारा आठवर उतरला. पंधरा मिनिटं झाली, आठच. वीस झाली, आठच. एसी बंद पडावा म्हणून देवाचा धावा करणारा गाडीत बसलेला माणूस बहुधा मी एकटाच असेन. चालत राहिला असता तर साडूचा रिले खरा ठरला असता.

तेविसाव्या मिनिटाला बाहेर 'टक्' झालं आणि पारा चढायला लागला.

मी खाली उतरलो तेव्हा माझ्या तोंडावर हसू असणार, कारण खिडकीतून बायको म्हणाली, "बंद पडला वाटतं. चेहऱ्यावरूनच कळतंय."

बॉनेटखाली पुली फिरत होती आणि चकती स्वस्थ उभी होती. म्हणजे गॅस आणि ड्रायरवर खर्ची पडलेले साडूचे पहिले दोन दिवस वाया. नळीत ओल असेल तर ती गोठून वाट अडते आणि गारवा जातो, हे खरं. पण तेव्हा चकती फिरत असते. इथं चकतीच सुटली होती. दुखणं विजेचं होतं, माझ्या मुलखातलं. मला इतका आनंद झाला की त्याची लाज वाटून मी दोन मिनिटं नुसताच व्होल्ट मोजायच्या मीटरच्या वायरी सोडवत बसलो.

आता माझा रोख निळ्या टेपवर होता. टेपखाली एखादी वायर सैल निघावी, अशी माझी मनापासून इच्छा होती. टेप न काढता मी रिलेच्या पायांवर मीटर लावला. येणारी वीज चोख, जाणारी वीज चोख. पुन्हा मोजली. मग दुसऱ्या मीटरनं मोजली, कारण पहिल्या मीटरचा काय भरवसा. साडूचं काम निर्दोष होतं. कॉइलपर्यंतची वायर तपासली, तिच्यातही पुरते तेरा पॉइंट आठ व्होल्ट. वीज दारापर्यंत येत होती आणि तरी कॉइल हात सोडून देत होती.

येणारी वीज चोख असेल तर जाणारी वाट बघायची. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं आणि दुसरं कॉइलच्या अर्थच्या वायरीला. इथं शून्याच्या आसपास आकडा यायला हवा. आला चार. बॅटरीतून निघालेल्या विजेतले चार व्होल्ट परतीच्या वाटेवर कुठं तरी अडकून पडत होते, आणि तापलेल्या कॉइलला उरलेल्या विजेत चकती धरून ठेवता येत नव्हती.

वायर हातानं चाचपत मी मागे गेलो. ती डाव्या बाजूच्या पत्र्यावर एका बोल्टपाशी संपत होती. बोल्टला बोट लावलं आणि चटका बसला. सापडलं.

तो क्षण फार तर दहा सेकंद टिकला. अकराव्या सेकंदाला मला दिसलं की त्या बोल्टखाली एक नाही, दोन वायरींची टोकं आहेत. वरचं कारखान्यातलं. त्याखालचं दुसऱ्या वायरीचं, आणि त्या वायरीवर काळी टेप. तिचं टोक थोडं ओढलेलं होतं, आणि सुटून लोंबत होतं.

मी शेडमधल्या स्टुलावर येऊन बसलो.

गेल्या हिवाळ्यात, बाळ व्हायच्या आधी, मुलगी म्हणाली होती की तिच्या हॉर्नला कुणी भीक घालत नाही. मी तिला मोठा हॉर्न बसवून दिला होता. त्याच्या थोडं आधी गाडीची डावी बाजू एका खांबाला घासली होती आणि तिथं नवा, जाड रंग दिला होता. रंगावर अर्थ बसत नाही. आधी रंग खरवडून पत्रा उघडा करायचा, मगच बोल्ट आवळायचा. डेपोत मी ही गोष्ट नव्या माणसांना इतक्यांदा सांगितली होती की माझ्या पाठीमागे मला 'खरवड्या' म्हणत.

वही काढली. प्रत्येक कामाची नोंद मी करतो, आणि नोंदीपुढे 'खरवडलं' असा एक रकाना असतो. त्यात बरोबरची खूण केल्याशिवाय मी वही मिटत नाही. पान सापडलं. 'हॉर्न. अर्थ डावीकडच्या बोल्टला.' पुढचा रकाना कोरा.

मला तो दिवस आठवला. मुलगी टॉर्च धरून माझ्याशेजारी उभी होती. लहानपणापासून माझ्या कामाला टॉर्च तीच धरायची, आणि इतका नेमका उजेड दुसरं कुणी टाकत नाही. मी बोल्ट काढला, एवढ्यात फाटकाशी एक गोड सुरातला हॉर्न वाजला. साडू नवी चंदेरी गाडी दाखवायला आला होता. "बाबा, आलेच हं," म्हणून तिनं टॉर्च इंजिनावर ठेवला आणि ती गेली. मी अंधाऱ्या कोपऱ्यात हात घालून, तिकडचं हसणं ऐकत बोल्ट आवळला. चांगला घट्ट आवळला, मला आठवतंय. इतका घट्ट आवळायची गरज नव्हती. आटे रंगात जितके रुतले तेवढ्यावर तो अर्थ हिवाळाभर कसाबसा तगला. हॉर्न तर क्षणभराचा, त्याला तेवढं पुरलं. उन्हाळ्यात रोज तासभर कॉइलची वीज तिथून जायला लागली आणि तो तापून सुटायला लागला.

बायको चहा घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं. तिनं कप माझ्या हातात दिला.

"काखेत कळसा," ती म्हणाली, आणि पुढचं न बोलता गेली.

दोन्ही टोकं काढून मी पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडला, बोल्ट आवळला, वर ग्रीस लावलं. अर्ध्या तासानं, पूर्ण तापल्यावर मीटरवर शून्य पॉइंट शून्य चार. तासभर एसी चालला. पारा आठवरून हलला नाही.

माझ्यापुढे आता मोठा पेच होता. गप्प बसलो तर नाव साडूचं होणार. त्यानं मंगळवारी रिले बदलला, शुक्रवारी गाडी बरी निघाली, सरळ हिशेब. आणि श्रेय घ्यायचं तर बोल्ट दाखवावा लागणार, बोल्ट दाखवला की काळी टेप दिसणार. माझा विजय आणि माझी चूक एकाच आट्यात बसली होती. विचार करता करता मला तिसरी वाट सुचली. गंज. 'बोल्टला गंज चढला होता, मी साफ केला.' गंजाला कुणी मालक नसतो. हे वाक्य मी दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं. बरं वाटलं.

पाच वाजता मुलगी बाळाला घेऊन आली आणि मागोमाग साडूही आला, आपली चंदेरी गाडी घेऊन.

"काय प्रोफेसर, पुस्तक काय म्हणतंय? मी माझी गाडी घेऊनच आलोय. नाही जमलं तर चावी हिच्या हातात. मनाला लावून घ्यायचं नाही."

तो हे मनापासून म्हणत होता. त्याचा खरा त्रास हाच आहे. तो कपटी असता तर माझं आयुष्य फार सोपं झालं असतं.

"चक्कर मारून बघू या," मी म्हणालो.

मुलगी गाडी चालवत होती, साडू तिच्याशेजारी, मी मागे, बाळाच्या रिकाम्या सीटला खेटून. ऊन समोरून येत होतं. साडूनं एका गिऱ्हाइकाची गोष्ट सुरू केली. त्यानं म्हणे एसीच्या जाळीत लवंगा कोंबल्या होत्या, गाडीला सर्दी झाली म्हणून. मुलगी खळखळून हसली. मी घड्याळाकडे बघत होतो. वीस मिनिटं. तेवीस. तीस. जाळीतून गार वारा येत राहिला. पस्तिसाव्या मिनिटाला मुलीनं हात जाळीसमोर धरला, चार वर्षांची असताना धरायची तसाच.

"काका, तू जादूगार आहेस."

"म्हटलं होतं ना, रिलेच होता. उगाच बाबाला कामाला लावलंस."

"थँक्यू रे काका."

गप्प बसायचं, असं मी तोपर्यंत जवळजवळ ठरवलं होतं. मनाचा मोठेपणा वगैरे शब्दही डोक्यात येऊन गेले होते. पण तिनं त्याच्या खांद्यावर हलकेच थोपटलं, आणि मी पुढे वाकलो.

"रिले नव्हता," मी म्हणालो.

साडू वळला. "काय?"

"नवा रिले चांगला आहे, जुनाही चांगलाच असणार. अर्थ गेला होता. डावीकडचा बोल्ट. तापला की चार व्होल्ट खात होता."

"तो बोल्ट? तो तर कारखान्यातला. तो कसा जाईल?"

गंज. शब्द जिभेच्या टोकावर होता. एवढ्यात समोरच्या आरशात मला मुलीचे डोळे दिसले.

"हॉर्नची वायर तुम्ही तिथंच जोडली होती ना, बाबा? मी टॉर्च धरला होता."

"हो," मी म्हणालो. "तिथंच जोडली. रंग खरवडला नाही. तू टॉर्च ठेवून काकाची गाडी बघायला गेलीस, त्यानंतर."

शेवटचं वाक्य बोलायचं माझ्या मनात नव्हतं. ते आपोआप निघालं, आणि गाडीभर पसरलं.

मुलीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. मागे वळून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे दोन महिने मी बाळाच्या मानेला पावडर चोपडत हिंडतेय, ते तुमच्या बोल्टमुळे?"

"हो."

"आणि मी काकाची गाडी बघायला गेले म्हणून तुम्ही बोल्ट सैल ठेवलात?"

"सैल नाही. घट्ट होता. खरवडला नव्हता."

"बाबा, तुम्ही ना," असं म्हणून ती समोर वळली, आणि वाक्य तिथंच राहिलं.

साडूचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. तो बोटं मोजत होता. "थांब, थांब. चार व्होल्ट? आणि गार असताना?"

"जवळजवळ काही नाही."

"म्हणजे मी बॉनेट उघडून उभा राहायचो तेव्हा तो गार होऊन साळसूद बसलेला असायचा. शिवाय माझ्या टेस्ट लॅम्पचं दुसरं टोक मी कायम सरळ बॅटरीला लावतो. हा बोल्ट वाटेत यायचाच नाही, दिवा लख्ख लागायचा." त्यानं कपाळावर हात मारला आणि तो मोठ्यानं हसला. "प्रोफेसर, हा मला सात जन्मांत सापडला नसता. दोन दिवस मी गॅसला शिव्या घालत होतो. उद्या गॅरेजात सगळ्यांना सांगतो, कसं शेण खाल्लं ते."

चूक माझी होती, आणि तिच्यावर हसत तो होता. मी ती वहीच्या एका कोऱ्या चौकोनात लपवून ठेवली होती, आणि तो आपली, नसलेली, चूक सगळ्या गॅरेजला वाटायला निघाला होता. हरायचंही त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं, हे मला त्या सीटवर बसून कळलं. त्याचाही मला हेवा वाटला.

"ती तुझी वही एक दिवस देशील का? मला ते रकाने बघायचेत."

"नाही," मी म्हणालो, फारच पटकन.

घरी आल्यावर मुलगी गाडीतून उतरून सरळ आत गेली. बाळाला घेतलं, आईशी दोन शब्द बोलली, साडूला त्याची गाडी नको म्हणाली. मला नुसतं "येते" म्हणाली. मी फाटकाशी उभा राहिलो. तिचा हॉर्न वाजला नाही. एरवी कोपऱ्यावर ती वाजवते.

शनिवार मी वाचण्यात काढला. काय वाचलं ते आठवत नाही. खरं बोललो ते खरेपणासाठी नव्हे, जळफळाटानं, आणि म्हणून त्याचं फळही तसंच मिळालं, असं काहीतरी मनात घोळत होतं. बायकोनं एकदा विचारलं, "आज तिसरा दिवस वाटतं? 'माझंच तर चुकत नाही ना' वाला?" मी म्हणालो, "ह्या वेळी चुकलंच आहे." ती म्हणाली, "मग निदान एक दिवस तरी वाचला."

रविवारी दुपारी फोन वाजला. बायकोनं उचलला, थोडं बोलली आणि माझ्या हातात दिला.

"पोचलो आम्ही," मुलगी म्हणाली. "साडेपाच तास लागले. एसी एकदाही बंद पडला नाही. बाळ सगळा रस्ता झोपून होतं."

"मानेचं कसं आहे?"

"उतरतंय." मागे कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला. "बाबा, मागचा वायपर अर्ध्यावर येऊन थांबतो कधी कधी. परत आले की बघाल? चार दिवस लागले तरी चालतील, मी गाडी तुमच्याकडेच ठेवीन."

"कधी थांबतो? काच ओली असताना की कोरडी?"

"ते नाही बघितलं."

"ते बघ. आणि थांबतो तेव्हा मागचे दिवे चालू असतात का, तेही बघ."

"बघते. आणि आधी सांगून ठेवते, टॉर्च मी धरणार. संपेपर्यंत."

मी बरं म्हणालो. फोन ठेवायची वेळ झाली होती, आणि मला तो ठेवता येईना.

"काकाला सांगितलंस का, वायपरचं?"

"नाही. का?"

"सांगू नकोस," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून बायकोनं कपाळावर हात मारल्याचा आवाज मला इथपर्यंत आला. मी फोन ठेवला आणि वायरिंगच्या पुस्तकात मागच्या वायपरचं पान शोधायला लागलो.